वाकडं धुराडं

आमच्या कंपनीचे फोरमन साताऱ्याचे. साइटवर आले की माणसांना नमस्कार करायच्या आधी ते भिंतीला ओळंबा लावत आणि म्हणत, "सरळ आहे. खलास."

अमिरातीतल्या अल ऐन शहरात एका अरब मालकाला इंग्लंडमधल्या जुन्या दगडी फार्महाऊससारखा व्हिला हवा होता. फोरमननी जाड भिंती, लहान खिडक्या, उतरतं छप्पर, सगळं फोटोबरहुकूम उभं केलं. फोटोतलं धुराडं मात्र डावीकडे कललेलं होतं, ते त्यांनी सरळ बांधलं. मालक म्हणाला, "फोटोसारखं करा, मगच ताबा घेईन."

"मॅडम, तिकडच्या गवंड्याची चूक मी कशाला करू?" फोरमननी मला, साइट इंजिनिअरला, विचारलं.

"माझ्या यादीत तेवढंच काम उरलंय म्हणून," मी म्हणाले.

शेवटी ओळंबा खिशात ठेवून त्यांनी ते पाडलं आणि तिरकं बांधलं. मालक खूश झाला.

गावी पाठवायला घरासमोर त्यांचा फोटो काढायचा होता. "मॅडम, कॅमेरा जरा वाकडा धरा," ते म्हणाले. मी धरला.

फोटो धुऊन आला. धुराड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "सरळ आहे. खलास."

घर, खजुराची झाडं आणि ते स्वतः उजवीकडे कलले होते. ते त्यांना चालत होतं.