बारकोडची चूक आणि देवघेवीच्या बाई

आमच्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव पाहणाऱ्या बाई कोणापुढे नमत नाहीत. मी साठीनंतर अक्षरे शिकलो. सोमवारी संगणकाने माझे कार्ड बंद केले. परत केलेले पुस्तक माझ्याकडेच आहे, असे तो दाखवू लागला.

"आजोबांचं वय झालंय. यंत्र काही विसरत नाही," वाचनालयाचे प्रमुख साहेब म्हणाले.

"यंत्राला जे भरवलं, तेच ते ओकतं, साहेब," बाई म्हणाल्या.

बाईंनी कपाटातून तेच पुस्तक आणून बारकोड वाचणाऱ्या यंत्राखाली धरले. पडद्यावर दुसऱ्याच पुस्तकाचे नाव उमटले.

"परत आलं तेव्हा फाटलेली बारकोडची पट्टी मीच बदलली. चुकीची लावली, म्हणून परतीची नोंद दुसऱ्याच पुस्तकावर पडली. चूक माझ्या नावावर लिहा. पण आजोबा रिकाम्या हाताने जाणार नाहीत."

बाईंनी कागदावर नोंद करून मला नवे पुस्तक दिले.