घागरीच्या पाण्याचं ग्राऊंड

प्रेमानंदसारखा चढाईवाला जानेफळपासून मेहकरपर्यंत झाला नाही, आन् आता होतही नाही. आमच्या घरचा हाय म्हणून नाही, कोणालेही विचारा. जिल्ह्याकडून खेळला तो. हिवरा आश्रमच्या सामन्यात चार जणं पाठीवर असताना त्यानं ओढत नेऊन रेघेले हात लावला. आन् अंगाले नुसतं बोट लागलं तरी पंचाच्या शिट्टीआंधी स्वतः हात वर करून बाहेर जाये. पंच म्हणे, "अबे, मले तं दिसलंच नाही." हा म्हणे, "मले लागलं ना."

आता पन्नाशी आली. डावा गुडघा गेला. मेहकरले गोदामावर वॉचमन हाय. रातभर खुर्चीवर बसते, सकाळच्या गाडीनं घरी येते, पाय भिंतीले लावून झोपते. झोप लागत नाही. दुपारी उठते तं आणखी थकेल दिसते.

अशात शहरातल्या एका कंपनीनं कबड्डीचा संघ काढला. त्यासाठी आमच्या ई-क्लासवर, म्हणजे गावचे ढोरं चरतात त्या सरकारी जमिनीवर, स्टेडियम बांधाचं निघालं. पैसा सरकारचा, जमीन सरकारची, थोडा हिस्सा ग्रामपंचायतीचा. तिकिटाची कमाई कंपनीची. ग्रामपंचायतीजवळ जो पैसा होता, तो पाण्याच्या टाकीसाठी ठेवेल होता.

स्टेडियमच्या ठरावाची ग्रामसभा होती, तिच्या आदल्या दिवशी सरपंच गोविंदा प्रेमानंदच्या घरी आला.

"भाऊ, माह्यं कोणी ऐकत नाही. तुह्यं ऐकतीन. तू बोल."

"मले काय बोलता येते?"

"जे खरं वाटते ते बोल. आन् ग्राऊंड सांभाळाची नोकरी तुह्यी. कंपनीवाल्याशी बोललो मी. दिवसाची ड्युटी, घरापासून पाच मिनिटं."

मंजुश्री वहिनी, प्रेमानंदची बायको, आतून ऐकत होती. त्या दिवशी चहात साखर जास्त पडली.

दुसऱ्या दिवशी प्रेमानंद रातपाळी करून गाडीतून उतरला तो तसाच समाजमंदिरात सभेले गेला. आधी गावातले म्हातारे रामराव उठले. "सरकारचा पैसा म्हणजे कोणाचा? काडीपेटीवर टॅक्स मीच भरतो ना. मंग कंपनीनं आपल्या खिशातून बांधावं."

गोविंदा म्हणे, "काका, आपण नाही घेतलं तं दुसरा तालुका नेईन. मंग बसा काडीपेटी मोजत."

लोक हसले. गोविंदानं प्रेमानंदकडे पाह्यलं. तो एका पायावर जोर देऊन उठला. त्यानं पँट वर करून गुडघा दाखवला. म्हणे, "हा दगडावर पडून गेला. चांगलं ग्राऊंड असतं तं नसता गेला. पुढच्या पोराइचा जाऊ नये. मले वाटते, व्हावं." पोट्ट्याइनं टाळ्या वाजवल्या. तो मनापासून बोलला होता. नोकरीही त्याच्या मनात होती, दोन्ही एकाच जागी.

मागून, बायाइत बसलेल्या कौशल्याबाई बोलल्या. जागच्या उठल्या नाहीत.

"प्रेमा, एक सांग बाप्पा. तुह्या वेळेस आम्ही तिकीट काढत होतो का?"

"नाही मावशी."

"मंग काय देत होतो?"

 आमच्या गावची रीत अशी, का सामन्याच्या दिवशी दरेक घरून एक घागर पाणी ग्राऊंडवर टाकाचं, म्हणजे धूळ बसते. ज्यानं घागर टाकली त्याची जागा रेघेजवळ. मग तो पाटलाचा असो का आमच्या बौद्धवाड्यातला. जनकाबाई, प्रेमानंदची माय, प्यायचं ठेवून उरलं ते टाके.

"घागर देत होत्या मावशी."

"हाव. आता घागरीत पाणी नाही, आन् टाकीचे पैसे हे घेऊन चालले. तुह्ये कंपनीवाले आम्हाले आत घेतीन का, घागर घेऊन?"

 गोविंदा खुणावून राह्यला, का काहीतरी बोल.  प्रेमानंदच्या डोळ्यात रातभराचं जागरण होतं. मंग त्यानं हात वर केला, जसा ग्राऊंडवर करे तसा.

"मले लागलं मावशी," म्हणे. "मी बाहेर."

आन् लंगडत समाजमंदिराच्या बाहेर जाऊन पायरीवर बसला.

ठराव पडला. गोविंदा जाता जाता म्हणाला, "तुले स्वतःचंही भलं करता येत नाही बे."

"नाही येत," प्रेमानंद म्हणाला.

स्टेडियम आता दुसऱ्या तालुक्यात होऊन राह्यलं. आमच्या टाकीचं कामही अजून खड्ड्यातच हाय. पोट्टे येता-जाता टोमणे मारतात, "आमचं स्टेडियम याच्यानं गेलं." तो ऐकून घेते. अख्ख्या जिल्ह्यात दुसरा कोणी असा उठून गेला असता का, ते सांगा कोणी.

त्या दिवशी घरी आला तवा मंजुश्रीनं विचारलं, "नोकरी?"

"गेली."

तिनं चूल पेटवली, विटेचा तुकडा तापवून फडक्यात गुंडाळला आन् गुडघ्यावर ठेवला. संध्याकाळच्या गाडीले वेळ होता. तो भिंतीले टेकून बसला, आन् कितीक दिवसातून त्याले तिथंच झोप लागली. गाडीच्या वेळेपर्यंत तिनं त्याले उठवलं नाही.