पेरूखालचा क्रूस

असुन्सिओनच्या हमरस्त्यावरची ती पांढरी हवेली आता परदेशी वकिलात आहे. फाटकावर पितळी पाटी आहे आणि पाटीवर कोरलंय की ही हवेली चहासारख्या उकळून पितात त्या माते-पानांच्या धंद्यात गबर झालेल्या रेकाल्दे घराण्यानं बांधली. बांधली म्हणे! यांनी आयुष्यात एक वीट उचलली असेल तर शपथ. आणि त्यांच्या चादरी धुता धुता जिच्या बोटांची कातडी गेली, त्या सेफेरिनाचं नाव पाटीवर कोण घालणार?

सेफेरिना पोरवयातच तिथं धुणं धुवायला लागली. तिथंच तिला दिवस गेले. बाप कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. मुलगा झाला आणि पाद्री बाप्तिस्म्याला यायच्या आतच गेला. पाद्री म्हणाला, बाप्तिस्मा नाही तर दफनभूमीत जागा नाही. तेव्हा मालकीण दोन्या इस्मेनिया मागच्या अंगणात आली. बाळाचं नाक बघून तिला आपलाच लेक दिसला असणार.

"धुण्याच्या दगडामागं पेरू आहे ना, तिथं ठेव त्याला," ती म्हणाली. "तो कोपरा तुझा."

सेफेरिनानं बाळाला पेरूखाली पुरलं आणि वर एक लहानसा क्रूस रोवला. आपल्याकडे थडग्यावरचा क्रूस उघडा ठेवत नाहीत. त्याच्या खांद्यावर कापड असतं आणि मे महिन्यात क्रुसाच्या दिवशी ते बदलतात. सेफेरिना वर्षभर त्या कापडाची लेस विणायची, तिच्यात पेरूच्या फुलाची नक्षी घालायची. आपलं पोर उघडं पडू नये, एवढंच तिला आयुष्याकडून हवं होतं.

मालकीण वारली. लेकांनी झाडंझुडपं आणि माळ्यासकट हवेली वकिलातीला विकली आणि ब्युनोस आयरेसला चालते झाले. 'तो कोपरा तुझा' हे कुणाच्या लक्षात राहणार होतं? सेफेरिनाला काम राहिलं नाही, तरी सुरुवातीला वकिलातीची माणसं तिला क्रुसाच्या दिवशी आत सोडायची. मग कुठल्याशा दूरच्या देशात त्यांच्याच एका वकिलातीवर बॉम्ब फुटला आणि इथं भिंत चढली. फाटकावर नवा पहारेकरी आला.

"आत काय काम आहे?"

"माझा मुलगा आहे आत."

"कुठल्या खात्यात?"

ती तिथंच रडायला लागली. तेवढ्यात एलिओदोरो माळी धावत आला. सेफेरिना त्याच्या मुलीची धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा.

"आण ते कापड इकडं, कोमाद्रे. मी घालतो."

तेव्हापासून तसंच सुरू झालं. दर क्रुसाच्या दिवशी ती गजांमधून कापड द्यायची आणि तो आतून रुमालात बांधलेले पेरू आणून द्यायचा. "तुझ्या झाडाचे," म्हणायचा. "फांद्या वाकल्यात नुसत्या!" सेफेरिना त्यांची वडी करून गल्लीभर वाटायची. माझ्या मुलाकडची आहे, घ्या, असं सांगायची. लोकही डोक्याला लावून खायचे.

अशी बरीच वर्षं गेली. मग एकदा वकिलातीत मोठी मेजवानी ठरली आणि इस्त्रीवाली बाई आजारी पडली. हवेलीच्या जुन्या टेबलक्लॉथना खळ घालायचं जमणारं कोण उरलं होतं? सेफेरिनाला बोलावणं आलं.

"नको येऊस, तुझे गुडघे दुखतात," एलिओदोरो म्हणाला.

"गुडघे गेले खड्ड्यात! फाटक उघडतंय माझ्यासाठी."

तिनं भराभर इस्त्री उरकली, खांद्यावरची शाल सारखी केली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. धुण्याचा दगड नव्हता. पेरू नव्हता. तिथं निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव होता आणि पाहुण्यांची पोरं त्यात किंचाळत उड्या मारत होती. एलिओदोरो जाळीच्या काठीनं पाण्यातली पानं काढत होता. तिला बघून त्याच्या हातातली काठी सुटली.

"कधी झालं हे?"

"भिंत चढली त्याच वर्षी. मशीन आणलं होतं. मी हातापाया पडलो, कोमाद्रे, त्यांना माझी भाषा कळेना. क्रूस तेवढा उपटून घेतला. माती ट्रकमध्ये भरून कुठं नेली, देव जाणे."

तो तिला अवजारांच्या खोलीत घेऊन गेला. फावड्यांच्या वर खिळ्याला तो लहानसा क्रूस टांगलेला होता आणि त्याच्या खांद्यावर तिचं या वर्षीचं कापड होतं.

"कापड बदलतो मी. ते खोटं नाही बोललो."

"आणि पेरू?"

"बाजारातले."

"अरे मेल्या! सगळ्या गल्लीला खायला घातले मी ते!" सेफेरिनानं त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या. मग त्याच छातीला डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. बाहेर पोरं पाण्यात खिदळत होती.

"घेऊन जा क्रूस घरी," तो म्हणाला.

"राहू दे. घर माझं आहे, त्याचं नाही. त्याला ही जागा माहीत आहे."

वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही. चर्चमध्ये समोर आला तरी तोंड फिरवायची. पुढच्या क्रुसाच्या दिवशी एलिओदोरो सकाळपासून फाटकाच्या आत उभा होता; येईल अशी आशा त्याला फारशी नव्हतीच. दुपारच्या उन्हात ती हळूहळू चालत आली. गजांमधून तिनं कापड आत दिलं. लेसवर पेरूची फुलं होती.

तो कधी कापडाकडे, कधी तिच्याकडे बघायला लागला.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "पेरू कुठायत माझे?"

त्यानं खिशातला रुमाल काढून दिला. तिनं गाठ सोडली, एक पेरू नाकाशी धरला.

"या वर्षी झाडाला बरे लागलेत," ती म्हणाली आणि बसच्या थांब्याकडे चालायला लागली.