बाकावरची नऊ मिनिटं

फिल्म सोसायटीच्या सबनीस मॅडम शोआधी माईकवर बोलत होत्या आणि वर प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आजच्या सिनेमातला हा माणूस ऑफिसातल्या बाकावर बसून आपलं नाव पुकारण्याची वाट बघतो. कोणी पुकारत नाही, तरी तो उठत नाही. अस्तित्ववाद म्हणतो, जगाकडून उत्तर येत नाही. कसं जगायचं ते आपलं आपण ठरवायचं. बाकावरचे तीन प्रसंग नीट पाहा. सगळा सिनेमा त्यातच आहे."

ते तिन्ही प्रसंग मी सकाळीच कापले होते.

नव्वदच्या दशकातलं अबू धाबी. मी एका क्लबच्या हॉलवर ऑपरेटर, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारा. काम शिकलो सांगलीकडे. तिकडे शो लांबला की मालक म्हणायचा, "मोरे, हलकं कर." मग जिथे काही घडत नाही तेवढा भाग कापायचा, प्रिंट परत पाठवताना जोडायचा. त्यात कोणाला काही वाटत नसे.

इथे मॅनेजर कुरूपसाहेबांनी बजावलं होतं, "छह बजे हॉल खाली चाहिए. शादी का पार्टी है. लेट हुआ तो तुम्हारा वीजा कॅन्सल, खलास." मुलगी तिसरीत होती. मी रिळं तपासली. माणूस नुसता बसलेला, तीनदा, मिळून नऊ मिनिटं. लावली कात्री.

दिवे गेले. पहिलं रीळ सुरू केलं. ते वीस मिनिटं चालणार, मग दुसऱ्या मशीनवरचं दुसरं. कापलेलं नेमकं तेच. जोडावं तर सहा वाजून जाणार. न जोडावं तर मॅडम भर सभेत खोट्या पडणार. या प्रिंटसाठी त्या वर्षभर पत्रं लिहीत होत्या. लांबच्या रुवैसहून दोन इंजिनिअर खास गाडी हाणत आले होते. मला माझीच लाज वाटली. दुसरं रीळ मशीनवरून उतरवलं.

सकाळी कापून जोडलेले तीन सांधे सापडले, कापलेले तीन तुकडेही होते. पण कुठला कुठे? सगळे सारखेच म्हणून मी खूणसुद्धा केली नव्हती. तुकडे बल्बसमोर धरले. तोच माणूस, तोच बाक. घामाने बोटं घसरत होती. मग त्याच्या हातातली नंबराची चिठ्ठी दिसली. एका तुकड्यात सरळ, दुसऱ्यात घडी घातलेली, तिसऱ्यात पार चुरगळलेली. म्हणजे घडत होतं की! सकाळी मी बघितलंच नव्हतं.

चिकटपट्टीने शेवटचा सांधा मारला, रीळ चढवलं, तेव्हा पहिलं संपायला मिनिटही उरलं नव्हतं.

सहा वाजले आणि कुरूपसाहेब दार बडवत आत आले. "यल्ला, बंद करो! सुबह तो बोला टाइम पे होगा!"

"सुबह काटा था, साब. अभी वापस जोडा."

"क्यूं?"

"वोही पिक्चर था, साब."

ते कपाळावर हात मारून पाहुण्यांना थोपवायला खाली गेले. शो सहा वाजून सात मिनिटांनी सुटला. बाहेर वऱ्हाडी ताटकळत होते. व्हिसा वाचला, पण लास्ट वॉर्निंगचा मेमो मिळाला. मी सही केली.

मॅडम आभार मानायला वर आल्या. "मोरे, दुसऱ्या रिळात बारीक उड्या जाणवल्या. प्रिंट जुनी असेल, नाही?"

"असेल, मॅडम." खरं सांगायची हिंमत झाली नाही.

प्रिंट परत पाठवताना पुढच्या ऑपरेटरसाठी डब्यात चिठ्ठी ठेवली: 'रीळ दोन. काही घडत नाही असं वाटेल. कापू नये.'