लाव

आश्विनातल्या सकाळी आमच्या परसाला एक विशिष्ट वास असतो. चार महिने पावसात भिजलेली जांभ्या चिऱ्यांच्या कुंपणाची गडगी उन्हाने हळूहळू सुकू लागलेली असते, पलीकडच्या मळ्यात नुकत्याच झोडलेल्या भाताचं ओलसर गवत रचलेलं असतं, आणि भोपळ्याच्या आळ्यात ओतलेल्या, मासळी धुतलेल्या पाण्याचा खारट, उग्र दर्प या साऱ्याच्या तळाशी ठाण मांडून बसलेला असतो. लग्न होऊन घाटावरून मी मालवणजवळच्या या खाडीकाठी आले तेव्हा त्या दर्पाने मला मळमळायचं, आणि आता तो नसला तर परस परकं वाटतं. गेल्या आश्विनात ज्या सकाळी माझं आयुष्य एका हिसड्यात इकडचं तिकडे झालं, त्या सकाळीही तो वास अगदी तसाच होता. जगाने निदान वास तरी बदलावा की नाही! मला अजून त्याचा राग येतो.

परस म्हणजे तरी केवढं, टीचभर. तोंडलीचा मांडव, मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू, शेंड्याला दगड बांधून सरळ वाढवलेली पडवळं, लाल माठाचा एक वाफा, कोपऱ्यात केळ आणि वाकलेली पपई. हे सगळं माझ्या नवऱ्याचं साम्राज्य. कणकवलीच्या एसटी आगारात जन्मभर गाड्यांच्या वेळा सांभाळल्या, आणि निवृत्त झाल्यावर त्याच तळमळीने ते वेलींच्या वेळा सांभाळू लागले. कुठली कळी आज उमलणार, कुठलं तोंडलं उद्या पिकून लाल होणार आणि पोपट त्याच्या आधी येणार की नंतर, याची वर्दी मला चहाबरोबर मिळायची. मी शाळेत विज्ञान शिकवत आले. त्यांच्या साम्राज्यात माझं काम एकच, टीका करणं.

ती वर्दीही अस्सल मालवणीत. मी घरातही वर्गातलीच मराठी बोलते, ते कचेरीतून बाहेर पडले की मालवणीखेरीज ओठ उघडत नसत. "मास्तरणी, पडवळ इला गो." "मीठ कमी पडला गो." "पाऊस इलो गो, कपडे काढ." प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो 'गो' असायचाच. नवी नवरी होते तेव्हा तो 'गो' मला अगदी गावंढळ वाटे, कुणी भर रस्त्यात पदर ओढल्यासारखा. पुढे तो कानात इतका मुरला, की माझं पाळण्यातलं नाव काय होतं ते आठवावं लागायचं.

आता भोपळ्याची गोष्ट सांगते. आमच्याकडे अख्खा भोपळा बाईमाणसाने फोडायचा नाही, ही रीत. घरातल्या पुरुषाने आधी सुरी लावायची, नुसती खूण केली तरी चालते, मग बाईने हवे तेवढे तुकडे करावेत. का, तर अख्खा भोपळा फोडणं म्हणजे बळी दिल्यासारखं. मी या रीतीची जन्मभर टर उडवली. "मी कापला तर भोपळा काय किंचाळणार आहे?" असं विचारून झालं, गर आणि बिया आणि साल यांवर स्वयंपाकघरात व्याख्यान देऊन झालं. पण दरवेळी, भोपळा पाटावर ठेवला की दारात उभी राहून मी हाक मारायचीच: "अहो, सुरी लावा हो!" मग ते मातीचे हात पाठीला पुसत यायचे, एखाद्या सेनापतीच्या थाटात सुरी घ्यायचे, भोपळ्यावर एक चीर पाडायचे आणि म्हणायचे, "झालो माझो पराक्रम गो. आता काप तू." खरं सांगायचं तर परसात रुतलेला माणूस घरात ओढून आणायला दुसरा उपायच नव्हता, म्हणून ती रीत मी मोडली नाही.

त्या सकाळी पाटावर होता तो त्या वर्षीच्या वेलावरचा शेवटचा भोपळा. कोवळे होते ते गणपतीत वाटून संपले होते, आणि हा एकच त्यांनी बियाण्यासाठी पिकू दिला होता. देठ वाळून खणखणीत झाला तेव्हा तो त्यांनीच काढून आणला आणि मला फर्मान सोडलं की घारगे कर, बिया मात्र राखेत घोळवून माझ्या हवाली कर. त्या सकाळी मी गूळ चिरून ठेवला, भोपळा पाटावर घेतला, हाक मारली. ओटीवरच्या आरामखुर्चीतून आवाज आला, "आज आंग जड वाटता गो. जरा पडतंय. मागीर बघुया."

मागच्या दारी गडग्यापलीकडे फिलू उभी होती. फिलू म्हणजे फिलोमिना, आमची शेजारीण. घरोघर पाव आणि भाजी पोचवायची जुनी व्हॅन ती स्वतः चालवते आणि रस्त्यावरच्या पुरुषांना शिव्याही स्वतःच घालते. त्यांच्या घरात असल्या रीती नाहीत. तिने सगळं ऐकलं होतं. "हाड गो बाई हय," भोपळा घ्यायला हात पुढे करत ती म्हणाली, "मी फोडतंय. माझ्या हातात भोपळो कधी रडलो नाय." मी भोपळा उचललासुद्धा. कुशीत घेऊन दारापर्यंत गेले. आणि मग कुठून कोण जाणे, मला चेव आला. घारग्यांची फर्माईश स्वतःची, आणि सुरी लावायला मी शेजारीण शोधायची? मी परत फिरले, भोपळा दाणकन पाटावर ठेवला आणि ओरडले, "ते काही नाही! उठा आधी, सुरी लावा!"

ते उठून आले. पाय किंचित ओढत आले, पण मला वाटलं नाटक करताहेत. पाटासमोर बसले, सुरी घेतली, नेहमीच्या थाटात वर उचलली. ती भोपळ्यावर टेकली आणि तिरकी घसरत गेली. सालीवर बोटभर ओरखडा उमटला आणि सुरी खणकन फरशीवर पडली. ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले, शेजारच्या माणसाचा हात चुकून आपल्या मांडीवर पडावा तसे. मग म्हणाले, "लाव." पुन्हा, "ला... लाव." माझी नक्कल करताहेत असं समजून मी हसले. हसता हसता मी त्यांचं तोंड पाहिलं. त्याचा एक कोपरा खाली उतरला होता.

पुढचं मला सलग आठवत नाही. मी फिलूच्या नावाने जी किंकाळी फोडली ती माझीच होती हे मला नंतर सांगितलं गेलं. व्हॅनमधले पावाचे क्रेट तिने भराभरा रस्त्यावर फेकले, आम्ही दोघींनी त्यांना मागच्या बाजूला निजवलं, आणि गोव्याच्या रुग्णालयापर्यंत त्या व्हॅनमध्ये गरम पावाचा वास दरवळत होता. माझ्या नखांत गूळ होता. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि मग, हातातली पेनाची टोपी लावत, अगदी सहज म्हणाले, "बरं झालं, लगेच लक्षात आलं. झोपू दिलं असतंत तर आत्ता आपण बोलत नसतो."

झोपू दिलं असतं तर. त्या वाक्याने मी जी हादरले ती अजून सावरलेली नाही. कारण मी झोपूच देणार होते. भोपळा कुशीत घेऊन मी दारापर्यंत गेले होते. चार पावलं आणखी टाकली असती तर फिलूने हसत हसत भोपळा फोडला असता, मी घारगे तळले असते, आणि ओटीवर त्यांना गाढ झोप लागली आहे म्हणून आवाज न करता झाकून ठेवले असते. ज्या रीतीची मी जन्मभर खिल्ली उडवली ती रीत, आणि माझा आडमुठा स्वभाव, या दोघांनी मिळून एक माणूस वाचवला. देवाने वाचवला म्हणणारे भेटले, औषधाने म्हणणारे भेटले. मला आपलं ते दार दिसतं, आणि उंबरठ्यावर अडलेला माझा पाय दिसतो.

जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि भाषा गेली. उरला एकच शब्द, 'लाव'. मराठीतलं हे साधं क्रियापद किती घरची कामं करतं ते मला त्या रुग्णालयात कळलं. ते "लाव" म्हणायचे आणि नर्स दिवा लावायची. "लाव" म्हणायचे आणि मी पंखा लावायची. दार लावून पाहिलं, मुंबईतल्या लेकीला फोन लावून पाहिला, कोरड्या ओठांना तूप लावलं. दरवेळी ते मान हलवायचे आणि डोळ्यांतून पाणी काढायचे. त्यांना सुरी म्हणायची होती का? अर्धवट राहिलेला तो पराक्रम? की आणखी काही? आणि मला सगळ्यांत जे सलत होतं ते कुणाला सांगायचीही लाज वाटे: त्या शब्दामागे 'गो' नव्हता. तो 'लाव' मला नव्हता, नर्सला नव्हता, कुणालाच नव्हता. पंख्यासारखा तो खोलीत नुसता फिरत राहायचा.

घरी आलो तेव्हा भोपळा पाटावर तसाच होता, ओरखडा वाळून पांढरी रेघ झालेली. चुलत जाऊबाई समाचाराला आल्या आणि कुजबुजल्या की हा भोपळा घरात ठेवू नकोस, खाडीत सोड. मी त्यांना असं काही बोलले की त्या चहा न घेता गेल्या. भोपळा चुंबळीवर ठेवून मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसवला. फोडवत नव्हता, देववत नव्हता. हिवाळा सरला, आंब्याचा मोहर येऊन गळून गेला, रोजच्या व्यायामाने त्यांचा पाय बराच सुधारला, डावा हात चमचा धरायला शिकला, पण शब्द एकाचे दोन झाले नाहीत. परसात तोंडलीचा मांडव एका बाजूने कलला आणि माठाच्या वाफ्यात मांजर झोपू लागलं.

वैशाखात वारा फिरला. दुपारी खाडीकडून दमट, जड झुळूक येऊ लागली, फिलूने आपली आळी खणून त्यात सुकी मासळी पुरली, आणि तोच जुना उग्र दर्प गडगा ओलांडून आमच्याकडे आला. ते खिडकीशी बसले होते. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. "लाव," ते म्हणाले. त्याच वेळी फिलू मागच्या दारी येऊन उभी राहिली आणि आमचं ओसाड आळं पाहत म्हणाली, "मिरग इलो गो बाई जवळ. तुमच्या भोपळ्याची बी खंय आसा?"

बी कुठे असणार! त्या वेलाची बी जगात एकाच ठिकाणी होती. मी भोपळा उचलून पाटावर ठेवला, सुरी काढली आणि फिलूपुढे धरली. "तू फोड. तुझ्या हातात रडत नाही ना?" पुन्हा त्यांच्या हाती सुरी देण्याची मला धास्ती होती आणि भोपळा माझ्या हाताने फोडण्याची त्याहून जास्त. मी, विज्ञानाची बाई! फिलूने सुरीकडे पाहिलं, ओरखड्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पदरात लपवले. "ह्यो माझ्यान जावचो नाय गो," ती हळूच म्हणाली. "तेंका दी."

मी त्यांना हाताला धरून आणलं, बसवलं, डाव्या हातात सुरी दिली. भोपळ्याकडे माझं लक्षच नव्हतं, मी हात पाहत होते, तोंडाचा कोपरा पाहत होते. सुरी टेकली. डगमगली. मग जुन्या रेघेच्या शेजारी, वेडीवाकडी, पण जरा खोल अशी दुसरी रेघ उमटली. त्यांनी सुरी माझ्याकडे ढकलली. मी दोन्ही हातांनी भार दिला, भोपळा कुरकुरला आणि एकदम फाकला.

आणि मी किंचाळले. आतल्या केशरी पोकळीत, धाग्यांच्या गुंत्यात, पांढऱ्याफटक अळ्यांचा नुसता बुजबुजाट! फिलूने छातीवर क्रूस केला, "जेजू सायबा! ह्यां काय गो?" मी वाकून पाहिलं. अळ्या नव्हत्या. कोंब होते. बिया आतल्या आत रुजल्या होत्या, मुळं एकमेकांत गुंतली होती, काहींना तर फिकट पिवळी पानंसुद्धा फुटली होती, उजेड कधी न पाहिलेली. फळ फार काळ राहिलं की असं होतं, का होतं तेही मी वर्गात शिकवलेलं आहे. पण मी तिथेच फरशीवर बसले. महिनोन्महिने मी त्याच्याशेजारी भाकऱ्या भाजल्या, त्याची धूळ पुसली, त्याच्याकडे पाहून रडले, आणि आत हे चाललं होतं.

"लाव," ते म्हणाले.

मला रडूही फुटलं आणि रागही आला. "काय लावू?" मी जवळजवळ ओरडलेच. "काय लावू, एकदा सांगा तरी! सुरी लावू? दिवा लावू? काय?"

त्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी एक कोंब मुळासकट सोडवला, जपून, तुटू न देता, आणि माझ्या गराने बुळबुळीत झालेल्या तळव्यावर ठेवला. मग खिडकीकडे नाही, पंख्याकडे नाही, थेट माझ्याकडे पाहिलं. ओठ पुष्कळ वेळ हलत राहिले.

"लाव," ते म्हणाले. आणि थांबून, "गो."

तो कोंब घेऊन आळ्याकडे निघताना हातातली सुरी मी कुठे ठेवली, ते मला अजून आठवत नाही.