रूटचा पासवर्ड आणि रिकामा फोल्डर

अमळनेरच्या आमच्या वाचनालयात कपाटाच्या दारावर खडूने लिहिलेला तो शब्द मी वाचला आणि त्याच दिवशी कार्यकारिणीला पत्र लिहिले. तो वाचनालयाच्या संगणकाच्या रूट खात्याचा पासवर्ड होता. रूट हा यंत्राचा सर्वाधिकारी. त्याने काहीही पुसले तरी यंत्र त्याला अडवत नाही. माझे आयुष्य दिवाणी वकिलीत गेले. माझ्या लेखी ते कुलमुखत्यारपत्रच होते, आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या नावे करून दिलेले होते.

आमचे कार्यवाह कापसाचे व्यापारी. गोदामाची किल्ली दाराशेजारी खिळ्याला टांगायची आणि त्याचा अभिमान बाळगायचा, ही त्यांची रीत. "नाना, बठ्ठी आपलीच माणसं शेत. कुलूप परक्यांसाठी असतं," ते मला आपल्या अहिराणीत म्हणाले; बठ्ठी म्हणजे सगळी, शेत म्हणजे आहेत. सभा हसली. माझे पत्र दप्तरी दाखल झाले.

त्या संगणकावर गावातल्या बंद पडलेल्या साप्ताहिकाचे जुने अंक स्कॅन करून ठेवले होते. मूळ कागद वाळवीने खाल्ला. जो उरला तो याच कार्यकारिणीने रद्दीत दिला. स्कॅनची दुसरी प्रत करा, हे माझे पुढचे पत्र. तेही दाखल. निदान एवढे तरी व्हावे म्हणून मी दारावरचाच पासवर्ड वापरून स्कॅनचा फोल्डर वेगळ्या खात्याच्या मालकीचा केला. इतरांनी वाचावे, पुसू नये.

पुढे अंकांतला मजकूर शोधण्यासाठी एक प्रोग्राम सोर्स कोडवरून, म्हणजे त्याच्या मूळ लिखित सूचनांवरून, तयार करायचे ठरले. कंपाइल करायला, म्हणजे त्या सूचनांचा चालता प्रोग्राम बनवायला, कोणताही विशेष अधिकार लागत नाही, ते साध्या खात्यातून करा, असे मी बजावले होते. प्रोग्राम सर्वांसाठी बसवायचाच असेल, तर कमांडच्या आधी 'सुडो' हा शब्द लावून तेवढ्या एका कमांडपुरता रूटचा अधिकार घ्यावा. एका कृत्यासाठी एक मुखत्यारपत्र. यात न समजण्यासारखे काय आहे?

कार्यवाह रूट म्हणूनच बसले. प्रोग्राम कुठे बसवायचा, या प्रश्नाला त्यांनी अंकांच्याच फोल्डरचा पत्ता दिला. अंकांमध्ये मिसळलेल्या प्रोग्रामच्या अनोळखी फायलींचा पसारा दिसताच, गोदाम झाडावे तसा त्यांनी अख्खा फोल्डर पुसून टाकला. साध्या खात्यातून केले असते, तर पहिल्याच पायरीवर यंत्राने परवानगी नाकारली असती. जळगावच्या जाणकाराने डिस्क तपासली. एक पानही परत आले नाही.

तेव्हा कुठे कपाटाचे दार पुसले गेले आणि नवा पासवर्ड माझ्याकडे आला. पंधरवडाही उलटला नसेल, वाचनालयातून कार्यवाहांचा फोन.

"नाना, पासवर्ड सांगा बरं. दोनच मिनिटांचं काम शे. तोच प्रोग्राम पुन्हा बसवतो."

"तुमच्या खात्यात बसवा, भाऊ. तिथे कुणाची परवानगी लागत नाही."

"म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?"

"नाही."

त्यांनी फोन ठेवला. मी माणुसकी सोडली, असे आता ते बाजारात सांगतात. खुशाल सांगावे. त्या अंकांच्या नावाचा एक रिकामा फोल्डर मी पुन्हा तयार करून ठेवला आहे. पासवर्ड मागायला येणाऱ्याला मी आधी तो उघडायला लावतो.