आतोबांची तीन बोटं

आमच्या आतोबांइतका निःशंक माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा नव्हता, आणि कल्याणच्या पुढे कुणी असलाच तर आतोबांनी ते मान्य केलं नसतं. आतोबा म्हणजे माझ्या एकुलत्या एका आत्याचे यजमान. घरातलं घड्याळ आणि स्टेशनवरचं घड्याळ यांत दोन मिनिटांचा फरक पडला, तर ते स्टेशनमास्तरांना चिठ्ठी पाठवून त्यांचं घड्याळ दुरुस्त करायला सांगत. एकदा विठ्ठलवाडीला कुणाच्या तरी लग्नाला म्हणून गेले ते भलत्याच मांडवात शिरले, पंगतीत बसून चार जिलब्या खाल्ल्या, नवरानवरीला आशीर्वाद दिला आणि घरी आल्यावर आत्यानं चूक दाखवून दिली तेव्हा म्हणाले, "अगं, पण लग्न हेच चांगलं होतं!"

ते कल्याण स्टेशनच्या तारघरात तारबाबू होते. पितळी खटक्यावर उजव्या हाताची बोटं ठेवली की कट्ट-कडकट्ट सुरू व्हायचं. हा खटका त्यांच्या अंगात इतका भिनला होता, की मनात आलेलं ते समोर दिसेल त्या वस्तूवर तारेच्या सांकेतिक भाषेत वाजवून टाकायचे, अर्थात ते कुणाला कळणार नाही या खात्रीनं. माझ्या बहिणीला पाहायला मंडळी आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरी आली, तेव्हा आतोबांनी अडकित्त्यानं पानाच्या डब्यावर वाजवलं, 'मुलगा चांगला. काका खादाड.' मुलाच्या काकांनी शांतपणे चमचा उचलला आणि बशीवर वाजवलं, 'पोहे उत्तम. आणखी पाठवा.' हे काका पोस्टाच्या तारखात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. दुसरा कुणी शरमेनं मेला असता. आतोबा उठून त्यांना कडकडून भेटले. लग्न तिथेच ठरलं.

अशा माणसाच्या हातून कप पडू लागले. पहिला फुटला तेव्हा ते म्हणाले, हल्ली कपांची जातच हलकी निघते. चौथा फुटल्यावर आत्यानं पितळेचा पेला दिला, तर तोही निसटला. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत होती. करंगळी मात्र शाबूत. मोहन्याच्या एका वैद्यानं दिलेलं तेल सहा महिने चोळून झालं, घरभर त्याचा वास भरला, पण बोटं काही जागी होईनात. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा हळूहळू बसत चालला. आतोबा विचारणाऱ्याला सांगत, "थोडा वात आहे. आठ दिवसांत पळेल."

मग एके दिवशी तारेवरून पलीकडच्या स्टेशनातल्या माणसानं विचारलं, 'खटक्यावर नवा माणूस बसवला का?' सव्वीस वर्षं त्या माणसानं आतोबांचा हात नुसत्या आवाजावरून ओळखला होता. त्या संध्याकाळी आतोबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे ठाण्याला आले आणि म्हणाले, "मुंबईला चल माझ्याबरोबर. डॉक्टर काय म्हणतो ते एकदा ऐकून घेऊ. ऐकायला काय जातंय?"

मुंबईच्या मोठ्या इस्पितळातला डॉक्टर विलायतेहून शिकून आलेला, तिशीचा पोरगा होता. त्यानं मनगटावर बोटानं टिचकी मारली, तशी आतोबांच्या मधल्या बोटापर्यंत झिणझिणी गेली. मग त्यानं एक यंत्र आणलं, कोपराजवळ आणि मनगटाजवळ विजेचे बारीक झटके दिले आणि अंगठा किती हलतो ते पाहत बसला. दर झटक्याला मी खुर्ची मागे सरकवत होतो. आतोबांना मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं.

"किती व्होल्ट?" त्यांनी विचारलं. "आणि डॉक्टर, तुम्ही तर आमचंच काम करताय. लाइन बिघडली की आम्ही खांब-खांब तपासत जातो. बिघाड मनगटाच्या खांबाशी आहे."

डॉक्टर हसला. "अगदी बरोबर. मनगटात एक आडवा पट्टा असतो, त्याखाली मज्जातंतू दाबला गेलाय. पट्टा कापून जागा मोकळी करावी लागेल. नवीन ऑपरेशन आहे, मी आजवर थोडीच केली आहेत. बोटं पूर्ण सुधारतील असं वचन देत नाही. तुम्ही उशिरा आलात."

"वचन मी देतो," आतोबा म्हणाले. "तुम्ही कापा."

ऑपरेशन झालं. हात गळ्यात बांधून आतोबा घरी आले आणि आळीतल्या प्रत्येकाला मनगटाचं पट्ट्यासकट वर्णन ऐकवू लागले. टाके निघाल्यावर अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा व्यायाम सुरू झाला. कणीक मळायचं कामही त्यांनी आत्याकडून काढून घेतलं, त्यामुळे त्या घरात महिनाभर पोळ्या विचित्र आकाराच्या होत होत्या. डॉक्टरनं आणखी एक सांगितलं होतं, रोज डोळे झाकून त्या तीन बोटांनी वस्तू ओळखायच्या. आत्या दुपारी त्यांच्या डोळ्यांवर उपरणं बांधी आणि पुढ्यात तीन वाट्या मांडी. तिसऱ्या आठवड्यात मी गेलो, तर परीक्षा रंगात आली होती. आत्या दाराकडे पाठ करून बसली होती, वाट्या तिच्या आड होत्या.

"तांदूळ," आतोबा चिमूट उचलून म्हणाले. मग, "तूरडाळ." मग, "साबुदाणा. बघ रे, पैकीच्या पैकी! रोजचंच आहे हे."

आत्या हसली आणि वाट्या उचलून आत गेली. मी ठाण्याला परतून सगळ्यांना सांगितलं, आतोबांचा हात बरा झाला.

तसा तो झालाही, पण पुष्कळ उशिरा आणि थोडा कमी. तीन महिन्यांनी यंत्रानं सांगितलं, सुधारणा आहे, पण वेग कमी आहे. आठ महिन्यांनी ते खटक्यावर परत बसले. पूर्वीचा झपाटा काही आला नाही, पण निवृत्तीपर्यंत सन्मानानं निभावलं. निवृत्तीनंतर एकदा आम्ही दोघं दुर्गाडी किल्ल्यापाशी खाडीच्या काठी बसलो होतो. पाण्याकडे बघत ते एकाएकी म्हणाले, "तुला सांगतो, तेव्हा मला काहीसुद्धा कळत नव्हतं. दोन महिने. तुझी आत्या रोज त्याच क्रमानं वाट्या मांडायची, मी त्याच क्रमानं नावं घ्यायचो. ती इतक्या आशेनं बघत असणार, नाही कसं म्हणू? तिला बोलू नकोस हं."

मी बोललो नाही. आतोबा गेल्यानंतर वर्षभरानं, जुन्या गोष्टी निघाल्या असताना, आत्याला एवढं सांगितलं. ती हसली.

"मला ठाऊक होतं रे. तिसऱ्याच दिवशी मी तिन्ही वाट्यांत तांदूळ घातले होते. यांनी ठणकावून सांगितलं, तांदूळ, तूरडाळ, साबुदाणा. त्यानंतर रोज तिन्हींत तांदूळच असायचे. तू आला होतास त्या दिवशीही."

"आणि तू रोज 'बरोबर' म्हणायचीस?"

"मग काय म्हणणार? एकदा का यांना स्वतःची शंका आली असती, तर हात कशाला सुधारतोय?" ती पदरानं चष्मा पुसू लागली. "एके दिवशी उपरणं बांधलेलं, मी वाटी पुढे केली. चिमूट घेतली, बोटांत घोळवली, पण नाव काही घेईनात. मला वाटलं, कंटाळले. मग अगदी हळू म्हणाले, 'अगं, यात खडा आहे.'"

"मग?"

"मग काय? खडा खरंच होता. उपरणं सोडलंच नाही त्यांनी. मीही सोडायला गेले नाही. तसेच बसून होतो दोघं."